अंगणात काय लावायचे, हे घरातल्या माणसांकडे पाहून ठरवा

मृगाचे एक-दोन पाऊस पडून गेले की गावातल्या रोपवाटिकेत गर्दी सुरू होते. सायकलच्या कॅरिअरला, स्कूटरच्या पुढच्या जागेत, हातात पिशवीत रोपे घेऊन जाणारी माणसे दिसू लागतात. त्यांतले काही जण वाटेत दवाखान्यापाशी थांबून विचारतात, "डॉक्टर, आणखी काय लावू?" मी काही बागाईतदार नव्हे. माझ्या दवाखान्यामागे जेमतेम दीड गुंठा जागा आहे. तरीही या प्रश्नाचे उत्तर आज मी या सदरात सविस्तर देणार आहे. त्याला एक कारण आहे आणि ते माझ्या स्वतःच्या चुकीशी जोडलेले आहे.

दवाखाना बांधला तेव्हा कुंपणाच्या कडेने मी बिट्टीची झाडे लावली होती. बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर. आपल्या सोलापूर जिल्ह्यातला उन्हाळा तुम्हाला ठाऊकच आहे. पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि नळाला रोज पाणी येत नाही. अशा हवेतही बिट्टी हिरवीगार राहते, बाराही महिने फुलते, पाणी मागत नाही आणि शेळ्या तिला तोंड लावत नाहीत. शेळी जिला तोंड लावत नाही, ती वनस्पती लहान मुलांच्या हाताशी लावावी का, एवढा विचार मात्र माझ्या मनात आला नाही. डॉक्टर असूनही आला नाही. लहानपणी आम्ही स्वतः बिट्टीच्या बिया गोळा करून त्यांनी खेळत असू. त्यामुळे ते झाड म्हणजे आपल्या घरचेच, असे वाटत आले.

काही वर्षांपूर्वी श्रावणात दुपारी शेजारच्या आजी चार वर्षांच्या नातवाला कडेवर घेऊन धावत आल्या. "डॉक्टर, पोरगं सारखं उलट्या करतंय आणि गळून गेलंय." नाडी पाहिली. एवढ्या वयाच्या मुलाची नाडी मिनिटाला नव्वद-शंभरच्या घरात असते. ती पन्नासच्या आसपास आणि मध्येच ठोका चुकवणारी लागली. काय खाल्ले म्हणून विचारले तर वरण-भात सोडून काही नाही. एवढ्यात त्याच्या मोठ्या बहिणीने मुठीतून चावलेली अर्धी बी पुढे केली. दगडाने फोडून आतला गर दोघांनी चाखला होता. तिला कडू लागला म्हणून तिने थुंकला, त्याने गिळला. बी माझ्याच कुंपणाची होती.

बिट्टीच्या सगळ्या भागांत आणि विशेषतः बियांच्या गरात हृदयावर परिणाम करणारे विष असते. हृदयविकारात आम्ही डिजिटॅलिस जातीची औषधे अगदी मोजूनमापून देतो. हे विष त्याच जातीचे, पण मोजमापाशिवाय पोटात जाणारे. आधी उलट्या, पोटदुखी, जुलाब होतात आणि मग हृदयाचे ठोके मंदावतात, अनियमित होतात. लहान मुलाला एखादी बीही धोक्याची ठरू शकते. शिवाय वरवर मूल बरे दिसत असले तरी काही तासांनी ठोके बिघडू शकतात, म्हणून अशा रुग्णाला किमान एक दिवस हृदयाचा आलेख दाखवणाऱ्या यंत्राखाली ठेवावे लागते. ते यंत्र माझ्याकडे नव्हते. नाडी वाढवणारे इंजेक्शन देऊन मी त्या मुलाबरोबर गाडीत बसलो आणि जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात गेलो. तो तासाभराचा रस्ता मला अजून आठवतो. तीन दिवसांनी मूल हसतखेळत घरी आले.

मी परत आलो त्याच संध्याकाळी कुंपणावर कुऱ्हाड घातली.

या प्रसंगात आजींकडून एक गोष्ट होता होता राहिली, ती सांगितली पाहिजे. घरी कोणीतरी मिठाचे पाणी पाजून उलटी काढायचा सल्ला दिला होता. असे कधीही करू नका. मिठाचे पाणी जास्त झाले तर रक्तातले मीठ वाढून तेच मुलाच्या जिवावर बेतते आणि उलटी श्वासनलिकेत जाण्याची भीती असते ती वेगळीच. ताक, तूप, अंड्याचा बलक यांतले काही पाजण्यात वेळ घालवू नये. तोंडातला चोथा बोटाने काढून टाका, चूळ भरायला लावा, १०८ नंबरला फोन करा. आणि ज्या झाडाचे खाल्ले त्याची फांदी, पान, बी, जे मिळेल ते पिशवीत घालून बरोबर न्या. डॉक्टरचा निम्मा वेळ त्यामुळे वाचतो. त्या मुलीने मूठ उघडली नसती तर मी साधे अपचन समजून औषध देऊन बसलो असतो.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की, नवीन रोप आणण्याआधी आपल्या अंगणात आज काय उभे आहे ते पाहून घ्या. बिट्टी असेल आणि घरात किंवा शेजारी लहान मूल असेल तर ती काढाच. पांढरी-तांबडी कण्हेर पूजेच्या फुलांसाठी घरोघर असते. तीही विषारी आहे, पण तिच्या शेंगा मुलांना खुणावत नाहीत. ती ठेवायची तर मागे, मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर ठेवा आणि तिची काडी दात कोरायला किंवा भाजीत ढवळायला कधी घेऊ नका. कुंपणाला लावतात त्या मोगली एरंडाच्या बिया गोडसर, शेंगदाण्यासारख्या लागतात. त्यामुळे शाळेतली पाच-सात मुले एकदम उलट्या-जुलाबांनी बेजार होऊन येतात, असे प्रकार पावसाळ्यात वर्तमानपत्रांतून आपण वाचतोच. साधा एरंड आणि गुंजेचा वेल यांच्या बिया अख्ख्या गिळल्या गेल्या तर पुष्कळदा तशाच बाहेर पडतात, मात्र चावल्या गेल्या तर फार घातक. गुंजेचा लाल-काळा मणी दिसायला सुंदर असल्यामुळे मुलांच्या हातात तो हमखास येतो. उकिरड्याजवळ आपोआप उगवणारा धोतरा दिसताक्षणी उपटावा. हल्ली बैठकीच्या खोलीत कुंडीत ठेवतात ते हिरव्या पानांवर पांढरे ठिपके असलेले डिफेनबॅकिया नावाचे झाड मुलाने चावले तर जीभ सुजून बोलता येत नाही. रांगते मूल घरात असेल तोवर ही कुंडी उंचावर गेली पाहिजे.

आता लावायचे काय? इथेही मी त्याच घरातली गोष्ट पुढे सांगतो.

मूल बरे झाल्यावर त्याची आई त्याला दाखवायला घेऊन आली. मूल ठणठणीत होते, पण तिच्या डोळ्यांच्या खालच्या पापणीचा आतला भाग कागदासारखा पांढरा होता. जिना चढले की धाप लागते, पायांत गोळे येतात, हे तिने मी विचारल्यावर सांगितले. तोवर 'बायकांना थकवा असतोच' या सदरात ते गेले होते. हिमोग्लोबिन तपासले ते ७.६ निघाले. गरोदर नसलेल्या स्त्रीचे ते १२ च्या खाली गेले तर आम्ही रक्तक्षय म्हणतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला, तेव्हा ही बाई काही अपवाद नव्हती. तिला लोहाच्या गोळ्या दिल्या, जंताची गोळी दिली. आणि तिच्या परसात लावायला शेवग्याचे रोप दिले.

गैरसमज नको. हिमोग्लोबिन ७.६ वर आले की ते पालेभाजीने भरून येत नाही. त्याला गोळ्याच लागतात, त्याही तीन-चार महिने नेमाने. वनस्पतींतले लोह शरीरात कमीच शोषले जाते. पण गोळ्या संपल्यावर पुन्हा खाली घसरू नये, घरातल्या पोरीबाळी त्या वाटेला जाऊ नयेत, यासाठी रोजच्या ताटात काय पडते ते महत्त्वाचे. आणि रोजच्या ताटात तेच पडते जे हाताशी असते. बाजारात जाऊन रोज पालेभाजी आणणे आपल्या घरांतून होत नाही. मागच्या दारी झाड असले तर होते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यात १०० ग्रॅम शेवग्याच्या पाल्यात कॅल्शियम सुमारे ३१४ मिलिग्रॅम आणि लोह साडेचार मिलिग्रॅम दिले आहे. पालकात हेच आकडे अनुक्रमे ८२ आणि ३ च्या जवळपास आहेत. शिवाय डोळ्यांसाठी लागणारे अ जीवनसत्त्व ज्यापासून बनते ते कॅरोटीन या पाल्यात भरपूर. आपण शेंगा आमटीत घालतो आणि पाला शेळीपुढे टाकतो. मुगाची डाळ घालून, लसणाची फोडणी देऊन केलेली कोवळ्या पाल्याची भाजी ज्वारीच्या भाकरीबरोबर खाऊन पाहा. थालीपिठात मूठभर चिरून घातला तर मुलांना कळतही नाही. भाजीवर लिंबू पिळायला मात्र विसरू नका, कारण लिंबातल्या क जीवनसत्त्वाने लोह शोषायला मदत होते. उलट जेवणावर लगेच घेतलेला चहा लोहाला आतड्यातच अडवतो. आमच्या भागात भाकरीवरचा हात धुतला की चहाचे आधण चढते. ती सवय तासाभराने पुढे ढकला, एवढीच विनंती.

'शेवगा दारात लावू नये' असे जुनी माणसे सांगतात. त्यात अपशकुन वगैरे काही नसले तरी व्यवहार आहे. शेवग्याचे लाकूड फार ठिसूळ. वाऱ्या-वादळात फांदी मोडून कौलांवर किंवा विजेच्या तारांवर पडते आणि शेंगांसाठी फांदीवर चढलेला मुलगा हात मोडून माझ्याकडे येतो. तेव्हा शेवगा मागे लावावा, भिंतीपासून सहा-आठ फूट सोडून आणि तारांच्या खाली मुळीच नको. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि शेवग्याची मुळे साचलेल्या पाण्यात कुजतात. म्हणून दोन फूट लांब-रुंद-खोल खड्ड्यातली थोडी माती काढून त्यात मुरूम आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळा, आणि रोप जमिनीपेक्षा वीतभर उंचवट्यावर बसवा. पूर्वी हाताएवढी जाड फांदी रोवत. आता बियांपासून लवकर शेंगा देणाऱ्या जाती मिळतात. तमिळनाडूतली 'पीकेएम-१' किंवा आपल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण रुचिरा' यांपैकी मिळेल ती घ्या. झाड कमरेच्या वर आले की शेंडा खुडा आणि दरवर्षी शेंगा संपल्यावर ते तीन-साडेतीन फुटांवर छाटा. छाटायला माणसांचा जीव होत नाही. पण न छाटलेला शेवगा वीस फुटांवर जातो आणि मग पाला खायचा तो कावळ्यांनीच. पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्यांचे पुंजके बसतात. त्यांचे केस अंगाला लागले तर भयंकर खाज सुटते, तेव्हा हाताने न काढता लांब काठीला बांधलेल्या फडक्याने साबणाच्या पाण्यात पाडाव्यात. शेतातले उरलेले फवारणीचे औषध घरच्या भाजीवर मारू नका. पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवाव्यात, ते पाणी गाळून एक लिटर करावे. बारीकसारीक किडीला ते पुरते.

शेवग्यानंतर माझ्या यादीत कढीपत्ता आणि लिंबू. कढीपत्त्याच्या ताज्या बियाच उगवतात, वाळवून ठेवलेल्या नाहीत. पहिली दोन वर्षे तो रडतखडत वाढतो, म्हणून पाने ओरबाडण्याची घाई करू नये. लिंबाला बाळगायला धीर लागतो. बियांचे रोप असेल तर फळाला चार-पाच वर्षे धरूनच चाला. ज्यांना एवढा धीर नाही त्यांनी पपई लावावी. ती वर्षाच्या आत फळ देते. साध्या वाणात नर आणि मादी झाडे वेगळी असतात, त्यामुळे एकच रोप लावून ते नर निघाले की माणूस हिरमुसतो. एका खड्ड्यात तीन रोपे लावून फुले आल्यावर नर काढून टाकावेत. मात्र आसपास एखादे नर झाड राहू द्यावे. पिकलेली पपई गरोदर बाईनेही बेताने खायला हरकत नाही, कच्ची आणि चिकाची मात्र टाळावी.

पाणी कुठून आणायचे, हा प्रश्न बरोबर आहे. न्हाणीघराच्या पाण्यावर केळ, कर्दळ आणि अळू उत्तम वाढतात. मात्र जी पाने आपण कच्ची खातो, उदाहरणार्थ कोथिंबीर, पुदिना, त्यांना मोरीचे पाणी घालू नये. अळूच्या पानांत जिभेला खाजवणारे ऑक्झलेटचे सूक्ष्म काटे असतात. म्हणून आपल्या आज्या अळूत चिंच किंवा आंबटचुका घालत आणि भरपूर शिजवत. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी अळू आणि पालक बेतानेच खावेत.

घरात दम्याचा रुग्ण असेल तर थोडा वेगळा विचार हवा. अलीकडे नव्या वसाहतींत आणि बंगल्यांच्या कडेने कोनोकार्पस नावाचे परदेशी झाड रांगेने लावले गेले. झटपट वाढते, हिरवे दिसते. पण त्याचा पराग हिवाळ्यात सर्दी-दम्याचा त्रास वाढवतो आणि मुळे जलवाहिन्यांत शिरतात अशा तक्रारींवरून गुजरात सरकारने २०२३ साली ते लावायला मनाई केली. फुकट मिळाले तरी घेऊ नका. सातविणीच्या फुलांचा उग्र वास दमेकऱ्यांना सोसत नाही. आणि रिकाम्या जागेत माजलेले गाजर गवत हा तर आमच्या दवाखान्याला त्वचेचे आणि दम्याचे रुग्ण पुरवणारा कारखानाच आहे. ते फुलावर येण्याआधी, हातात मोजे घालून, मुळासकट काढावे.

औषधी वनस्पतींबद्दल लोक फार उत्साहाने विचारतात. तुळस, अडुळसा, ओव्याचे पान जरूर लावा. सर्दी-पडशाला घरगुती आधार म्हणून ठीक आहे. पण गुळवेलीचा काढा महिनोन्‌महिने घेण्याची जी लाट कोरोनाच्या काळात आली, तिच्या मागोमाग मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली यकृताला सूज आलेले काही रुग्ण नोंदवले. त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला आणि तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीकडेही बोट दाखवले. वाद काहीही असो, आपल्याला त्यातून घ्यायचे एवढेच की वेल नक्की ओळखता येत नसेल तर तो पोटात जाऊ नये, आणि कावीळ झालेल्याने तर मुळीच घेऊ नये. कोरफडीचा पान कापल्यावर गळणारा पिवळा चीक जहाल रेचक आहे. गरोदर बायकांनी तो टाळावा.

झाडे लावली की कुंड्या आल्या आणि कुंड्या आल्या की त्यांच्याखालच्या थाळ्या. डेंग्यूचा डास गटारात नव्हे, अशा स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस थाळ्या, मनीप्लँटच्या बाटल्या, पक्ष्यांची भांडी रिकामी करा. नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी राहूनही टिकतात, म्हणून काथ्याने घासून काढा. गेल्या पावसाळ्यात दोन घरांत आजार निघाला आणि दोन्ही घरांत तुळशी वृंदावनाच्या मागे फुटकी कुंडी सापडली. अंगणात एखादे रोप उभे केले की डास येत नाहीत, या विक्रेत्यांच्या बोलण्यावर विसंबू नका.

शेवटी पायांकडे या. उघड्यावर शौचाला बसलेल्या जागेतली माती अंगणापर्यंत येते, आणि अंकुश कृमीची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. ही कृमी आतड्याला चिकटून रक्त पिते. लोहाच्या गोळ्या घेऊनही ज्या बाईचे रक्त वाढत नाही, तिच्या बाबतीत मी हटकून चपलेची चौकशी करतो. माळवे लावताना, आळी करताना चप्पल घाला आणि जेवणाआधी हात साबणाने धुवा. खुरप्याने कापले आणि जखमेत शेणमाती गेली तर धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले ते आठवून पाहा. आठवत नसेल तर दवाखान्यात या.

मागच्या महिन्यात एका वाचक भगिनीने पत्रातून विचारले आहे की, रातराणीला साप येतात का? सापाला फुलाचा वास घेऊन करायचे काय? तो उंदरांच्या, बेडकांच्या मागे येतो आणि झाडाचा खालचा पसारा दाट असला तर तिथे गारव्याला बसतो. रातराणी खुशाल लावा, पण बुंध्याचा दोन फूट भाग मोकळा ठेवा, तिच्याखाली जळणाचा ढीग किंवा विटा रचू नका आणि रात्री अंगणात जाताना बॅटरी न्या. घरात दमेकरी असेल तर मात्र ती खिडकीपासून लांबच्या कोपऱ्यात लावावी.